खळ दिलेला डगला

“बसा की प्योसाहेब, एवढी जागा रिकामी आहे,” बसवाला आरशातून म्हणाला.

“बसता येत नाही,” प्यो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. अंगातला पांढरा डगलाच त्याला बसू देत नव्हता. आमच्याकडचं मोशीचं, म्हणजे एका झाडाच्या धाग्याचं, कापड माशीच्या पंखासारखं तलम. पण त्याला भाताची खळ द्यावी, ओलसर असताना पायांनी तुडवावं, दगडावर दांडक्यांनी ठोकावं, तेव्हा कुठं त्याला रूप येतं. हे सगळं प्योची बायको इप्पुन करायची. तिनं खळ दिलेल्या कॉलरवर बसलेल्या डासाचे पाय कापले गेलेले मी स्वतः पाहिलेत. खोटं वाटत असेल तर डासाला विचारा.

या वेळी खळ प्योनं दिली होती. तीही दारांच्या चौकटींना कागद चिकटवतात ती.

“अरे, त्या खळीनं दारं चिकटवतात,” मी सकाळी म्हटलं होतं.

“चिकटतात ना? मग झालं.”

बस वळली की आम्ही सगळे कलायचो. प्यो तेवढा सरळ.

तसा तो जन्मापासूनच सरळ. पंचायतीच्या कचेरीत दाखले द्यायचा. एकदा खुद्द इप्पुन दाखल्याला आली, तर सहीऐवजी मारायचा स्वतःचा शिक्का आणला नाही म्हणून तिला परत पाठवलं. शिक्का घरी ह्याच्याच कपाटात, कपाटाची किल्ली ह्याच्याच खिशात. बिचारी अर्ध्या वाटेवरून किल्ली मागायला आली, तर म्हणाला, रांगेत उभी राहा.

आता इप्पुन शहरातल्या वृद्धाश्रमात असते. डोक्यातलं एकेक माणूस निघून चाललंय. गेल्या खेपेला प्यो साध्या सदऱ्यात गेला, तर त्याच्याकडे बघून म्हणाली, “आमचे हे असे चुरगळलेले नसतात.” घरी येऊन तो जेवला नाही. ट्रंक उघडून डगला काढला. या डगल्यात तरी ती ओळखेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

आश्रमात इप्पुनच्या खोलीच्या दारात हेरिन नावाची नर्स होती.

“आजोबा, हा झगा वरून घालायचा. तापाची साथ आहे, नियम आहे.”

मी झगा चढवला. प्योच्या डगल्यावर तो चढेना. बाहीच उसवली. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, “जा तसेच. मी पाहिलंच नाही.”

मी त्याला कोपरानं ढोसलं. कोपर मोडल्यासारखं झालं माझंच.

“नियम आहे ना?” प्योनं विचारलं.

“आहे, पण आजोबा...”

“मग पण कशाला?”

आणि त्यानं डगला उतरवला. टांगायला खुंटी नव्हती, लागलीही नाही. भिंतीशी ठेवला, तो आपला आपण उभा राहिला.

“येडा आहेस का?” मी दात-ओठ खाल्ले. “ज्याच्यासाठी आलास तेच...”

“एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं,” तो म्हणाला. पण झग्याची नाडी काही त्याला बांधता येईना. हेरिननं बांधली.

इप्पुन खाटेवर बसून चामे जातीचं पिवळं खरबूज हातात फिरवत होती. तिनं प्योला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोण तुम्ही?”

प्योनं झग्याची नाडी सरळ केली.

“असू दे. बसा भाऊ. आमचे हे येतीलच एवढ्यात.”

प्यो बसला. तिच्या हातातलं खरबूज घेऊन सोलायला लागला. सालं जाड निघत होती.

“कसे आहेत तुमचे हे?” मान वर न करता त्यानं विचारलं.

“ताठ,” ती हसली. “माझ्याशेजारी असं बसून कधी घास खाल्ला नाही. पण वाट बघायला बरा माणूस. येतो म्हटलं की येणारच.” मग तिनं दाराच्या काचेकडे बोट केलं. “हे बघा, आलेच. उभे कसे आहेत बघा. बोलावल्याशिवाय आत यायचे नाहीत.”

काचेपलीकडे भिंतीशी डगला उभा होता.

प्योनं खरबुजाच्या फोडी केल्या. मग म्हणाला, “बोलावू का त्यांना?”

तिनं विचार केला.

“राहू देत जरा. ते आत आले की तुम्ही उठून जाल.”

तिनं खरबुजाची एक फोड त्याच्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली. दोघं काचेबाहेर बघत खात राहिली.