ओळ तीस

ऑर्विल स्टॅम्पर चर्चच्या हॉलमध्ये आला आणि मला बघून त्याने टोपी काढली. चौथीत असताना हातचा घेऊन वजाबाकी त्याला मीच शिकवली होती. पुढे त्याच्या पोराला, केडलाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मार्चमध्ये मी या हॉलमध्ये बसून लोकांचे आयकराचे फॉर्म फुकट भरून देते. आमच्या डोंगरात खाणी बंद पडल्या, पण फॉर्म काही बंद पडले नाहीत.

"बाई, केडचं नाव पोसलेल्या माणसांत लिहा. दरवर्षीसारखं."

"तो गेल्या वर्षी एकोणीसचा झाला, ऑर्विल. कॉलेजात नाही. गेल्या मार्चपासून तुझ्या घरातही नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात स्वतःचं कमावतो. यंदा त्याचं नाव लिहिता येत नाही."

"लिहायलाच लागेल." तो टेबलावर ओणवा झाला. मास्कच्या वर त्याचे डोळे लाल होते. "सरकारनं करोनाच्या साथीत मला अठराशे डॉलर दिले. पोराचं नाव काढलं तर ते परत मागतील, वर कर लावतील. पेट्रोल पंपावर सगळे हेच म्हणतात. मी ते खर्च केलेत, बाई. ट्रकचा हप्ता भरला, गोळ्या घेतल्या. कुठून आणू?"

"पंपावर तेल मिळतं, अक्कल मिळत नाही. बस. मी सांगते."

मी सांगणार होते की ते पैसे उत्पन्न नव्हेत, त्यांवर कर नाही आणि ते कुणी परत मागणार नाही. कोरा कागद ओढून पेन्सिलही उचलली होती. तेवढ्यात बाहेर काच फुटली. मग दुसरी. ऑर्विलच्या ट्रकची.

केड आत आला तो हातात चाक खोलायचा पाना घेऊन. मास्क नव्हता. ऑक्टोबरपासून तो गाडीत झोपत होता, हे मला ठाऊक होतं. बापाने आदल्या वर्षीच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं म्हणून सरकारकडून त्याला छदाम मिळाला नव्हता, हेही ठाऊक होतं.

"काय रे म्हाताऱ्या, यंदाही मला विकायला बसलास?"

"तोंड सांभाळ. अठरा वर्षं गिळलंस माझ्या घरी."

"मग आता ओकतो!"

पाना ऑर्विलच्या डाव्या मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ऑर्विल ओरडला नाही. त्याने उजव्या हाताने पोराचं नरडं धरलं आणि त्याला भिंतीवर आपटलं. सूचनांचा फळा खाली आला. केडने गुडघा घातला, बाप वाकला, आणि पाना पुन्हा वर गेला. या खेपेला डोक्याच्या रोखाने.

"केड स्टॅम्पर! ठेव ते खाली!"

चाळीस वर्षं वर्गात वापरलेला माझा आवाज. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. पोराने ऐकलं माझं.

आणि ऑर्विलने लोखंडी घडीची खुर्ची उचलून त्याच्या चेहऱ्यावर घातली. एकदा. तो पडल्यावर आणखी एकदा.

खुर्चीच्या पायाचं टोक उजव्या डोळ्यात गेलं होतं. शेरीफची माणसं येईपर्यंत मी गुडघ्यांवर बसून माझा स्वेटर तिथे दाबून धरला. माझ्या बोटांमधून रक्त येत होतं, आणि केड सारखा एकच विचारत होता, "बाई, मी ठेवला ना खाली? ठेवला ना?"

डोळा गेला.

चौथ्या दिवशी मी इस्पितळात त्याचा फॉर्म भरला. तिसाव्या ओळीत अठराशे लिहिले. ज्यांना मदत मिळायची राहिली, त्यांच्यासाठीच ती ओळ होती. दोन महिन्यांपूर्वी फॉर्म निघाला तेव्हाही ती तिथेच होती. केडने कागद डाव्या डोळ्याजवळ धरून सही केली.

"म्हणजे हे मला मिळणारच होते? बापानं काहीही केलं तरी?"

"हो."

तो भिंतीकडे वळला.

ऑर्विल काउंटीच्या तुरुंगात होता, मनगट प्लास्टरमध्ये. मी त्याचाही फॉर्म भरून नेला. पोसलेल्या माणसांचा रकाना कोरा होता. काचेपलीकडून त्याने फोन कानाला लावला.

"परत किती द्यायचेत, बाई?"

मी फॉर्म काचेला लावला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"शून्य? केडचं नाव नसताना?"

"नसताना. ते पैसे तुझे होते, ऑर्विल. केडचे त्याचे होते."

त्याने फोन कानावरून काढला, पुन्हा लावला.

"परत एकदा सांगा," तो म्हणाला. "सावकाश. चौथीत सांगायचात तसं."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.