येत्या काही आठवड्यांत

त्याने लॅपटॉपचे बटण अंगठ्याने दाबून धरले आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजले. आतल्या पंख्याची घरघर थांबली. पुन्हा दाबले. पंखा फिरू लागला आणि तो टेबलाच्या कडेवर बोटे ठेवून वाट पाहत बसला. पाऊण मिनिटाने मशीनमधला सपाट आवाज म्हणाला, "स्वागत आहे." सकाळपासून हे स्वागत एकोणिसाव्यांदा झाले होते.

आता चार मिनिटे मिळणार होती, फार तर पाच. एका कानात मोबाईलवरून डॉक्टर बोलत होते, दुसऱ्या कानात मशीन त्याने टाइप केलेला शब्द न् शब्द वाचून दाखवत होते, आणि मध्ये त्याची बोटे धावत होती. यकृताचा आकार सर्वसाधारण. कडा नितळ. पित्ताशयात... एवढ्यात दुसरा कान बंद झाला. मशीन चालू होते, पंखा फिरत होता, आवाज तेवढा बसला होता.

तो जन्मापासून पाहू शकत नव्हता. त्यामुळे त्याचे कधी फारसे अडले नव्हते. इस्पितळाच्या तपासणी विभागातले डॉक्टर आपले निष्कर्ष बोलून ठेवत आणि पंधरा टंकलेखक घरी बसून त्यांचे अहवाल तयार करत. त्या पंधरांत तो एकटाच न पाहणारा, आणि वेगात सगळ्यांच्या पुढे. नुसते टाइप करायचे तर त्याच्या बोटांना मशीनच्या आवाजाची गरजही नव्हती. पण आपण कोणत्या ओळीवर आहोत, कोणत्या रकान्यात आहोत, मागचे काही पुसले तर गेले नाही ना, हे त्याला तो आवाजच सांगत असे. आवाज गेला की तो खऱ्या अर्थाने आंधळा होई.

हे दुखणे सात महिन्यांपूर्वी सुरू झाले. मशीनच्या पोटातल्या मूळ यंत्रणेची, जिला लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे लोक फर्मवेअर म्हणत, नवी आवृत्ती एका सकाळी आपोआप येऊन बसली आणि तेव्हापासून आवाज जायला लागला. हेडफोन लावा की बाहेरचा स्पीकर लावा, सगळेच मुके. मशीन बंद करून पुन्हा सुरू करणे हा एकच उपाय. सुरुवातीला दिवसातून दोनदा, मग तासातासाला, आता चार मिनिटांनी. जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट कंपनीने सुरक्षेच्या कारणाखाली बुजवून टाकली होती. दुरुस्त आवृत्ती "येत्या काही आठवड्यांत" मिळणार होती. सात महिने तेच वाक्य.

त्याने काय काय केले नव्हते? कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकांच्या तक्रारींची एकसष्ट पाने झाली होती. ती त्याने मशीनकडून चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत ऐकली होती. कुणाची गाणी मध्येच थांबत होती, कुणाच्या बैठका. 'ठार बहिरा' असे टोपणनाव घेतलेला एक जण रोज एकच वाक्य लिहायचा, "आज आली का?" खाली कंपनीचे उत्तर ठरलेले, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यालाही तिथे लिहायचे होते, पण लिहिण्याआधी आपण माणूस असल्याचे सिद्ध करावे लागे. त्यासाठी ज्या चित्रांत पूल दिसतो ती निवडायची होती. लेखी तक्रार केली तर त्यांनी पडद्याचा फोटो मागवला. आवाजाचा फोटो कसा काढायचा हे त्याने विचारले, त्याला उत्तर आले नाही.

इस्पितळाने सगळ्यांना हेच लॅपटॉप दिले होते. त्याने दुसरा मागितला तेव्हा संगणक विभागाने सांगितले, बाकी चौदा जणांची काही तक्रार नाही. नसणारच. त्यांना मशीनच्या आवाजाशी काय देणेघेणे?

मग त्याची बायको वाचून दाखवू लागली. ती कपडे शिवायच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसे. संध्याकाळी घरी येऊन, जेवणे उरकून, डोळे चोळत ती त्याचे अहवाल पडद्यावरून ओळ न् ओळ वाची आणि तो दुरुस्त करी. रुग्णांचे अहवाल घरच्या माणसालाही दाखवायचे नाहीत, अशा कागदावर त्याने सही केलेली होती. ते दोघांनाही ठाऊक होते आणि दोघेही त्याबद्दल बोलत नव्हते. विभागाच्या मुख्य बाईंनी विचारले तेव्हा त्याने लॅपटॉप दुरुस्त झाला म्हणून ठोकून दिले होते.

गेल्या महिन्यात बायकोला वाचता वाचता डुलकी लागली. एक ओळ सुटली आणि एका अहवालातला "नाही" गळून पडला. नसलेली गाठ असलेली झाली. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. मुख्य बाईंनी त्याला फोनवर शांतपणे सांगितले, की पुन्हा असे झाले तर मला काही करता येणार नाही. त्याने ते बायकोला सांगितले नसते, पण फोन स्पीकरवर होता. त्या दिवसापासून ती उभी राहून वाचू लागली.

आणि या आठवड्यापासून नियम बदलला. अहवाल त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत जायला हवे होते. बायको सहाला घरी येई. गेले चार दिवस अहवाल तीनचारच होते, म्हणून कसेबसे निभावले होते.

शुक्रवारचे पावणेचार वाजले होते. नऊ अहवाल टाइप झाले होते, पण त्यांतला एकही धड ऐकून झाला नव्हता. सव्वातीनला त्याने मोबाईल पडद्यासमोर धरून त्याच्याकडून वाचून घ्यायचा प्रयत्न केला. मोबाईलने छताचा दिवा, खिडकी आणि "हिरवट आयत" असे काहीबाही सांगितले. तो मोबाईल त्याने भिंतीवर आपटायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. आता कानात इअरफोन घालून त्याने त्याच मोबाईलवरून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

बराच वेळ संगीत वाजले. मग एक बाई बोलली. तिने नमस्कार केला, नाव सांगितले, आणि मदत शब्दाच्या आधी बारीकसा श्वास घेतला.

त्याने तिला ओळखले. गेल्या सात महिन्यांत ती त्याला आजची धरून चार वेळा मिळाली होती आणि चारही वेळा वेगळे नाव सांगून. पहिल्या वेळी तिचे नाक चोंदलेले होते, म्हणून त्याने मनात तिचे नाव सर्दीवाली ठेवले होते. तक्रारीचा क्रमांक त्याने तोंडपाठ सांगितला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुरुस्त आवृत्ती येत्या काही..."

"थांबा. पुढचं मला पाठ आहे," तो म्हणाला. "मागच्या वेळीही तुम्हीच होतात. पहिल्यांदा बोललो तेव्हा तुम्हाला सर्दी झाली होती."

तिच्या मागे पन्नाससाठ माणसे एकदम बोलत असल्याची गजबज ऐकू येत होती.

"नावं आम्हाला कंपनी देते," ती हळूच म्हणाली.

त्याने सांगितले की नावावरून भांडायला त्याने फोन केलेला नाही. त्याला दिसत नाही, हा आवाज हेच त्याचे डोळे आहेत, आणि पाच वाजता नऊ अहवाल गेले नाहीत किंवा चुकीचे गेले, तर त्याची नोकरी जाईल. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. हे सगळे तुमच्याकडे लिहिलेले असेलच, तो म्हणाला, मी अकरा वेळा सांगितले आहे.

"इथे तसं नाही लिहिलेलं."

"मग काय लिहिलंय?"

"गाणी मध्येच थांबतात."

त्याने कानातला इअरफोन आणखी आत दाबला.

"त्यातलं निम्मं मीच लिहिलंय," ती म्हणाली. "यादीत जे पर्याय असतात त्यातलाच एक निवडावा लागतो."

तिने पुन्हा तो बारीक श्वास घेतला, पण मदत शब्द आला नाही.

"ती आवृत्ती येणार नाहीये," ती म्हणाली. "चार महिने झाले. तुमचं मॉडेल दुरुस्तीच्या यादीतून काढून टाकलं. आम्हाला वाक्य बदला म्हणून मात्र कुणी सांगितलं नाही."

"हे बोलणं रेकॉर्ड होतंय ना?"

"होतंय."

त्याचे दोन्ही तळवे टेबलावर पालथे पडले होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होते आणि ती टी-टी-टी करत होती. सात महिने तो ज्या खुंटीला धरून लोंबकळत होता ती भिंतीत ठोकलेलीच नव्हती. त्याला वाटले होते की असे काही कळले तर आपण ओरडू. पण ओरडण्याइतका जोर त्याच्यात राहिला नव्हता. गाडी थांबेपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग त्याने विचारले, किती वाजले?

"चार वाजून दोन मिनिटं." मग ती म्हणाली, "तुम्ही परवानगी दिलीत तर तुमचा पडदा मला इथून दिसतो."

"दिसून काय करणार? दुरुस्त तर होणार नाही."

"वाचीन."

त्याने सांगितले की ते रुग्णांचे अहवाल आहेत, नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत, तरीही परक्याला दाखवायची बंदी आहे. ती म्हणाली की तिलाही वीस मिनिटांहून लांब फोन चालवायची बंदी आहे. मग दोघेही त्यावर आणखी काही बोलले नाहीत. त्याने बटण दाबून दहा मोजले, पुन्हा दाबले, आणि मिळालेल्या चार मिनिटांत परवानगीचा आकडा मशीनकडून ऐकून तिला सांगितला. आकडा सांगून होतो न होतो तोच आवाज गेला. या वेळी त्याने बटणाला हात लावला नाही.

ती वाचू लागली. सुरुवातीला ती फार भराभर वाचत होती आणि वैद्यकीय शब्दांना ठेचकाळत होती. तो तिला शब्द सांगे, ती पुन्हा म्हणे. तिसऱ्या अहवालापासून तिची गती जमली. चौथ्यात तिने सांगितले की वरच्या रकान्यातले अर्धे वाक्य खालच्या रकान्यात पडले आहे. सहाव्यात एक ओळ दोनदा आली होती. ती "अजून डावीकडे, अजून एक, हां" असे सांगत होती आणि त्याची बोटे तसतशी सरकत होती. सातव्या अहवालात डॉक्टरांना बाईच्या पोटातले मूल व्यवस्थित वाढत असल्याचे आढळले होते. ते वाक्य तिने जरा सावकाश वाचले. आठव्यातले तिने एका दमात वाचून टाकले आणि त्यानंतर काही क्षण तिचा आवाज आला नाही. त्या रुग्णाचे काही खरे नव्हते, हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

"आहात ना?" त्याने विचारले.

"आहे. नववा घ्या."

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी नऊही अहवाल गेले. गेल्याची खूण पडद्यावर आली, असे तिने सांगितले. त्याने आभार मानायला तोंड उघडले, पण तिचा आवाज एकदम सरळ आणि कोरा झाला होता.

"माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. मला कॉल बंद करावा लागेल."

"तुम्ही काय लिहिणार?"

"बघते, यादीत काय आहे ते," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

तो कानातला इअरफोन न काढता तसाच बसला. मग त्याने मुख्य बाईंचा क्रमांक लावला. पहिल्या घंटीला त्याला वाटले, ठेवून द्यावा. अहवाल वेळेत गेले होते. शनिवार-रविवार मोकळा होता. सोमवारचे सोमवारी बघता आले असते.

बाईंनी फोन उचलला आणि त्याने काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, की आजचे मिळाले, मी दोन उघडून पाहिले, स्वच्छ आहेत.

"बाई, लॅपटॉप दुरुस्त झाला असं मी तुम्हाला म्हणालो होतो," तो म्हणाला. "झालेला नाही. आणि होणारही नाही."

पलीकडे कागद हलवल्याचा आवाज थांबला.

"मग इतके दिवस कसं केलंत?"

"बायको वाचून दाखवायची."

"आणि आज?"

आज काय, ते सांगायला त्याच्याकडे फक्त एक आवाज होता आणि चार खोटी नावे. त्याने तीही सांगितली नाहीत.

"आज माझं मी केलं," तो म्हणाला.

बाईंनी पलीकडे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "सोमवारी दहा वाजता इकडे या. लॅपटॉप घेऊन या."

तो द्यायला की बदलून घ्यायला, हे त्यांनी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. त्याने मशीन बंद केले, वायर सोडवली, मशीन पिशवीत ठेवले आणि वायरचे वेटोळे हातात घेऊन बसून राहिला.

सहाला बायको आली. चपला काढता काढताच तिने किती राहिलेत म्हणून विचारले आणि दिव्याचे बटण दाबले.

"आज वाचायचं काही नाही," तो म्हणाला.

ती खांद्यावरची पिशवी न उतरवता त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. तिने टेबलावर हात फिरवला असावा, लॅपटॉप जिथे असायचा तिथे.

"काय झालं?"

"सांगतो. आधी चहा टाकू?"

"नको," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोके टेबलावर टेकवले, आणि तो पुढचे वाक्य जुळवत असतानाच तिचा श्वास संथ झाला. त्याने तिला उठवले नाही.