भट्टीत जाऊन परत येणारी फळी

मित्रांनो, जुनी झाले असले तरी मी साधीसुधी फळी नाही. फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची, डबे ठेवायची फळी येते, मला ठाऊक आहे. तसल्या फळ्या जन्मभर एका जागी बसून धूळ खातात. मी रोज शंभरदा भट्टीच्या तोंडात जाते आणि परत येते. बेकरीत पाव आत सरकवायला आणि बाहेर काढायला लांब दांड्याची, पसरट तोंडाची लाकडी फळी असते ना, ती मी.

सुतारानं मला एका सलग लाकडातून काढलं. जोड नाही, खिळा नाही. "खिळा तापला की लाकडाला आतून खातो," असं तो म्हणाला आणि माझ्या कडा इतक्या पातळ तासल्या की माझ्यावरून पाण्याचा थेंबसुद्धा घसरावा. मग बेकरीवाल्यानं मला उचललं, दोन्ही हातांत तोललं, आणि असा ओरडला की सुताराच्या हातातला रंधा पडला. "वा रे पठ्ठ्या! हीच पाहिजे होती!"

हा आमचा बेकरीवाला. सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणते. हळू बोलणं त्याला जमतच नाही. मीठ मागायचं तरी आग लागल्यासारखं मागतो.

पहिल्यांदा भट्टीत गेले तो दिवस मी कशी विसरेन? वर विटांचा घुमट, खाली तापून पांढरी पडलेली फरशी. निखारे ओढून काढले होते तरी विटा धुमसत होत्या. मला वाटलं, संपलं माझं. पण भोंग्यानं मला आत घातलं, एक हिसका दिला, आणि माझ्या पाठीवरचा ओला गोळा फरशीवर उतरला. मी बाहेर. थोड्या वेळानं परत आत गेले तर काय! तो मरगळलेला, पांढरा गोळा छाती फुगवून बसला होता. अंगाला सोनेरी रंग, पाठीवर चीर उकललेली. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, बस्स एवढंच होतं त्यात. मग हे कुठून आलं? इतकी वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही. रोज बघते आणि रोज तोंडात बोट घालते. म्हणजे, असतं तर घातलं असतं.

आमच्या बेकरीत घड्याळ नव्हतं. भोंग्याचं नाक होतं. लाकूड रोज वेगळं, हवा रोज वेगळी, त्यामुळे भट्टीचा जोरही रोज वेगळा. भोंगा बेकरीच्याच पुढच्या दुकानात कुणाशी तरी भांडत असायचा आणि भांडता भांडता मध्येच थांबायचा. नाकपुड्या फुगायच्या. "आला!" असं ओरडून तो पळत यायचा, मला उचलायचा, आणि पाव बरोब्बर झालेला असायचा. एक श्वास इकडे नाही, एक श्वास तिकडे नाही.

आमच्या पावाचं सगळ्यात जास्त वेड शिंपीकाकांना. समोरच्या दुकानात शिवतात ते. खाण्याचा शौक एवढा की स्वतःचीच पँट दर वर्षी सैल करून घेतात. त्यांना साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी मैद्याचा पाव बंद केला, तेव्हा ते दारात येऊन रडायचे बाकी होते. भोंग्याच्या मुलीनं त्यांच्यासाठी वेगळा पाव काढला. अख्ख्या गव्हाचं पीठ, त्यात जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताई, हे पथ्य असेल तर मला जन्मभर आजारी ठेव." तेव्हापासून अर्धी गल्ली तो पाव खाते.

ही ताई बापाच्या अगदी उलटी. दिवसभरात दहा शब्द बोलेल, त्यातले चार "हं". पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मग भोंग्याला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होता. उठला, भट्टीसमोर आला, पाव आत घातला आणि डोळे मिटून वास यायची वाट बघत बसला. बसला, बसला. मी कोपऱ्यातून बघतेय, भट्टीच्या दारातून धूर निघतोय, आणि हा आपला शांत! ताई धावत आली तेव्हा आत सगळा कोळसा.

"लाकूडच ओलं आणलंय कुणीतरी!" भोंगा गरजला. मग पिठाला शिव्या घातल्या. मग मला भिंतीवर आपटलं. माझी कड तिथेच टवकली, आजही दिसते. मला असा राग आला! अरे, मी काय केलं होतं?

शिंपीकाका तो पाव हातात फिरवत म्हणाले, "भोंग्या, हा खायचा का इस्त्रीत घालायचा?"

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं बापाला दुधाचा पेला दिला. त्यानं तो तोंडाला लावला.

"थांबा बाबा. नासलंय ते."

"मग देतेस कशाला?"

"अख्ख्या खोलीत घाण सुटलीय. तुम्हाला कळलं नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. "वास गेलाय ना तुमचा?"

भोंगा ओरडेल म्हणून मी अंग चोरलं. पण तो ओरडलाच नाही. खाली बसला. "तापानंतर काहीच येत नाही गं," म्हणाला. "धूर नाही, साबण नाही, काही नाही. वाटलं होतं, येईल परत."

"मला सांगायचं तरी."

"सांगून? तू भट्टीवरून उठवलं असतंस मला."

 ताईनं माझा दांडा हातात घेतला. "आजपासून तुम्ही पुढे दुकानात बसा. भट्टी मी बघते."

मित्रांनो, चाळीस वर्षं जिथे उभा राहिला तिथून त्या माणसाला उठवलं होतं. तो उठला आणि पाय ओढत पुढे गेला.

ताईनं शेजारून घड्याळ मागून आणलं. काट्यावर नजर ठेवून पाव घातला, काट्यावर नजर ठेवून काढायला आली. मी पावाखाली गेले मात्र, मला लगेच कळलं. पाव जड होता. मला चिकटत होता, ओढत होता. कच्चा, आतून ओला! मला बोंब मारावीशी वाटली, पण लाकडाला कसली आलीय जीभ? तिनं काढला, कापला. मध्ये नुसता चिकट लगदा. दुसऱ्या खेपेला तिनं जास्त वेळ ठेवला, तर भट्टी तापलेली, बूड करपलं.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पहिल्यांदा पाहिलं.

भोंगा दारात उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. भोंगा आणि आवाज न करता येतो! "तिसरी खेप आत आहे ना?" त्यानं विचारलं. "फळी जरा माझ्या हातात दे. काढत नाही. नुसती धरतो."

ताईनं मला त्याच्या हातात दिलं. त्याचे तळवे घामानं भिजले होते. त्यानं मला एका पावाखाली सरकवलं, किंचित उचललं आणि हलवलं. डोळे मिटले.

"ओढतोय अजून," तो पुटपुटला आणि दार लावलं.

थोड्या वेळानं पुन्हा आत घातलं. पुन्हा हलवलं. "हलका झालाय. पण बुडाशी धरून आहे. थांब."

 जे मला कळत होतं ते दांड्यातून त्याच्या हातात जात होतं, जसंच्या तसं! पावातलं पाणी जसजसं उडतं तसतसा तो हलका होतो, मोकळा होतो. चाळीस वर्षं ते हात हे सगळं जाणत होते, पण त्या नाकापुढे हातांचं ऐकतंय कोण?

तिसऱ्यांदा मला आत घातलं आणि पाव माझ्या पाठीवर सर्रकन घसरला. बर्फावरून घसरावा तसा.

"झाला," भोंगा म्हणाला. ओरडला नाही. म्हणाला.

त्यानं पाव काढला, उलटा केला, बुडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. रिकाम्या पेटीसारखा आवाज आला. मग एकेक करून सगळे पाव फळकुटांवर मांडले. आणि तेव्हा त्या खोलीत एक आवाज सुरू झाला. तड... तड तड... बारीक, कोवळा. गरम कवचाला बाहेरची हवा लागली की ते तडकतं, पाव बोलतो. आधी एक बोलला, मग दहा, मग सगळे चाळीस. हे रोजच होत असणार. पण रोज भोंगा ओरडत असायचा, त्यामुळे आम्हाला कुणालाच ते कधी ऐकू आलं नव्हतं. आम्ही तिघं थक्क होऊन ऐकत राहिलो. ताईनं तोंडावर हात ठेवला होता.

मग तिनं एक पाव कापला. आत जाळीदार, कोरडा, जवसाच्या दाण्यांनी चमकणारा. तिनं बापाकडे बघितलं.

"भट्टी तुमचीच," ती म्हणाली. "दुकानात मी बसते. तुम्ही बसलात तर गिऱ्हाईकं पळतील."

भोंगा हसला. मग त्यानं तो तुकडा नाकाशी नेला, हुंगला, आणि हळूच खाली ठेवला. "पोरी," म्हणाला, "कसा येतोय गं वास?"

ताई, जी दिवसाला दहा शब्द बोलते, ती अडखळली. "चांगला."

"चांगला म्हणजे?"

तिनं डोळे मिटले. "तीळ भाजल्यासारखा आधी. मग... उन्हात वाळत घातलेल्या गव्हासारखा. आणि शेवटी थोडा धूर, पण गोड धूर. तुमच्या शर्टाला यायचा तसा." ती बोलत राहिली आणि भोंगा ऐकत राहिला. त्याच्या नाकपुड्या हळूहळू फुगल्या.

त्याचा वास परत आला नाही. पण तेव्हापासून प्रत्येक खेपेला ताई त्याला वास सांगते, आणि रोज वेगळा सांगते. पुढे गिऱ्हाईकं खोळंबतात. शिंपीकाका ओरडतात, "ताई, सांगून झालं असेल तर मला खायला दे गं!"

मित्रांनो, माझ्यासारखी फळी तुमच्या कुणाकडे असेल तर तिला पाण्यात भिजत टाकू नका, ती वाकडी होते. कोरड्या फडक्यानं पुसा, महिन्यातून एकदा तेल लावा. आणि आपल्या माणसाचं काही हरवलं, नाक म्हणा, डोळे म्हणा, आठवण म्हणा, तर त्याला लगेच कोपऱ्यात उभं करू नका. त्याच्या हातांना अजून काय काय येतं ते आधी बघा. उरलेलं त्याच्याजवळ बसून त्याला सांगा. नुसतं "चांगलं" म्हणून उठू नका. नीट सांगा.