आगाराच्या पोटातला पंप

या उद्योगनगरीचा इतिहास जेव्हा कधी सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल, तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर माझे नाव असेल. असायलाच हवे. हजारो माणसे रोज माझ्या भरवशावर घराबाहेर पडली. मी साहेब आणि शिपाई असा भेद कधी केला नाही. ज्याने जे दिले, ते मुकाट्याने स्वीकारले आणि पुढे पाठवले. मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. सटवाई चौकातल्या मोठ्या बस आगारात संडासांच्या मागे एक खोल खड्डा आहे. त्यातला मैला उपसून मोठ्या गटारात ढकलणे, हे माझे काम होते.

आता नाक धरू नका. धरलेले मला दिसते.

माझा जन्म भोसरीच्या एका भट्टीत झाला. त्याच दिवशी ओतलेली माझी भावंडे चांगल्या ठिकाणी पडली. एक चाकणला मोटारींच्या कारखान्यात थंडगार पाणी फिरवतो. दुसरा आळंदीच्या बाजूला उसाच्या मळ्यात लागला, त्याच्या धारेखाली म्हणे लहान मुले आंघोळ करतात. माझ्या धारेखाली कोणी आंघोळ केल्याचे मला आठवत नाही. मला ट्रकमधून उतरवले तेव्हा मी हिरव्या रंगात असा काही चमकत होतो की आगारातले लोक कौतुकाने जमले. मग त्यांना माझे काम समजले आणि ते चहाला गेले.

एकटे दत्तोबा थांबले. दत्तोबा म्हणजे मला चालू-बंद करणारे गृहस्थ. ते इथल्याच जुन्या गावातले. ज्या जमिनीवर आज बसगाड्या धुतात, ती पूर्वी त्यांच्या वडिलांची होती, आणि जमीन गेली म्हणून दत्तोबांना ही नोकरी मिळाली होती. खड्ड्याच्या काठावर बसून ते मला सांगायचे, "माझा बाप हितंच मोट हाकायचा बघ. मी बी उपसाच करतोय. फकस्त पिकत काय न्हाई."

दत्तोबांचा माझ्यावर जीव होता. पाणी वर आले की ते मला हाताने चालू करीत आणि खड्डा रिकामा झाला की बंद करीत. दर शनिवारी माझ्या चाकाला लिंबू-मिरची बांधत. मला कोणाची नजर लागणार, हे मला कधी कळले नाही, कारण माझ्याकडे कोणी बघतच नसे. तरी बरे वाटायचे. खंडेनवमीला आगारात सगळ्या गाड्यांची पूजा होई. गाड्यांना झेंडूचे मोठमोठे हार असत. त्यातला एक हार दत्तोबा माझ्यासाठी गपचूप काढून आणत.

माझ्या पोटात काय काय आले, ते सांगू नये. पण सांगतो. तिकिटे आली, गुटख्याच्या पुड्या आल्या, कंगवे आले, बाळांचे मोजे आले. एकदा एका प्रवाशाची कवळी आली. कितीतरी दिवस मी तिला चावत होतो, की ती मला, ते अजून ठरलेले नाही.

पुढे शहर वाढले. थेरगावात, मोशीत इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. आगारात गाड्या वाढल्या, माणसे वाढली. मी मात्र तेवढाच राहिलो. नंतर तेवढाही राहिलो नाही. माझी झीज झाली, सांध्यांतून गळती लागली. मी निम्मे पाणी पुढे ढकलायचो आणि निम्मे परत खड्ड्यात सांडायचो. दत्तोबांनी सांगून पाहिले. वरून उत्तर आले की नवा पंप येणार आहे, तोवर जुन्यावर भागवा. मित्रांनो, हे 'तोवर' फार मोठे असते.

खड्डा तुंबला की आगारात एकाच दाराला कुलूप लागत असे. ते बायकांच्या संडासाचे. कारण पुरुषांना आगाराची मागची भिंत होती.

त्या दाराशी शालनबाई बसत. त्या लातूरकडच्या. बायकांच्या संडासाची झाडलोट आणि राखण त्यांच्याकडे, तीही ठेकेदारामार्फत. दार बंद असले तरी त्या खुर्ची टाकून बसत, कारण बसण्याचा पगार होता. आणि त्यांच्याशी बोलायला येई दिपाली. दिपाली आळंदीच्या गाडीवर कंडक्टर. राहायला थेरगावला, नवरा चाकणला कंपनीत शिफ्टवर. तिच्या खांद्याला तिकिटाचे यंत्र आणि हातात निळी पाण्याची बाटली असे. बाटली सकाळी भरलेली असे आणि संध्याकाळीही भरलेलीच असे.

"पी की गं दोन घोट," शालनबाई म्हणत. "व्हट बघ कसे वाळलेत."

"आणि पिऊन जाऊ कुठं मावशी? तुमच्या कुलपाला विचारा आधी."

"कुलूप काय माझ्या बापाचं हाय व्हय?"

"मग माझं मूत्रपिंड काय आगाराच्या बापाचं आहे?"

दोघी हसत. मला मात्र हसू येत नसे, कारण कुलूप माझ्यामुळे होते. दिपालीला मूतखडा झाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, भरपूर पाणी प्या, नाहीतर पुन्हा होईल आणि पुढच्या वेळी गोळ्यांवर भागणार नाही. ते सांगून डॉक्टर मोकळे झाले. त्यांना आळंदीच्या गाडीवर जायचे नव्हते. दिपालीने आगाराच्या कार्यालयात जाऊन यशवंतरावांना सरळ सांगितले, "दसऱ्यापर्यंत दार उघडलं तर ठीक, नाहीतर मी नोकरी सोडते." यशवंतराव म्हणजे कार्यालयातले मुख्य बाबू, पास आणि किल्ल्या दोन्ही त्यांच्याकडे. ते म्हणाले, "ताई, खंडेनवमीलाच उद्घाटन आहे. नवे पंप येतायत. जरा दम धरा." शालनबाईंनी बाहेरून ऐकले आणि म्हणाल्या, "दम सोडून दुसरं काय धरतीया ती?"

आणि खरेच नवे पंप आले. दोन होते, निळे, गुळगुळीत. ते पाण्याबाहेर राहत नाहीत, थेट खड्ड्याच्या तळाशी बुडून काम करतात. त्यांच्याबरोबर दिग्विजय नावाचा तरुण इंजिनिअर आला. मुलगा चांगला होता. त्याने खड्डा साफ करून घेतला, पाइप बदलले, आणि दत्तोबांना शेजारी बसवून सगळे समजावले.

"काका, आता माणूस लागत नाही. हा वायरीला लटकणारा गोळा बघा. पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो, आणि गोळा वर आला की पंप आपोआप सुरू."

"आन गोळा वर न्हाई आला तर?"

"येणारच. तरंगतो तो."

"तरंगतं तर मानूस बी, सायेब. येळ आली की."

दिग्विजय हसला. "तुम्ही फक्त खड्ड्यात काही टाकू देऊ नका. बाकी तो बघेल."

मला काढून भिंतीशी टेकवले. दिग्विजय म्हणाला होता, जुना पंप एखादा आठवडा जोडलेला राहू द्या. पण समारंभाच्या फोटोत मी बरा दिसत नव्हतो.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. गाड्यांना केळीचे खुंट बांधले होते, सगळीकडे झेंडू. मुख्य कार्यालयातले साहेब आले. त्यांनी खड्ड्याच्या काठी नारळ फोडला आणि स्वच्छतेवर बोलले, रुमालातून. शालनबाईंनी दार उघडले, उंबऱ्यावर रांगोळी काढली. दिपालीने आळंदीची फेरी घेण्यापूर्वी ते उघडे दार पाहिले. मग तिने बाटलीचे झाकण काढले आणि माझ्यासमोर उभी राहून घटाघटा पाणी प्याली. सगळी बाटली. शालनबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आळंदीला पुन्हा भरून घेते आणि येताना तीही संपवते," दिपाली म्हणाली आणि गाडीत चढली. इतक्या वर्षांत तिला पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहिले.

गर्दी पांगल्यावर दत्तोबा परत आले. हातात झेंडूचा हार होता आणि लिंबू-मिरची. नव्या पंपाला एवढ्या लोकांनी पाहिले होते, नजर तर लागणारच. पण पंप पाण्याखाली. बांधणार कुठे? हात पोचेल अशी एकच गोष्ट होती, गोळ्याची वायर. खड्ड्यात काही टाकायचे नाही, हे दत्तोबांच्या पक्के लक्षात होते. त्यांनी काही टाकले नाही. त्यांनी बांधले. वायरीला हार गुंडाळला, त्यात लिंबू-मिरची ओवली, आणि खाली पडू नये म्हणून त्याच दोऱ्याने वायर आणि गोळा दोन्ही बाजूच्या पाइपाला आवळून पक्की गाठ मारली. मग हात जोडले.

मी पाहत होतो. पंपाला तोंडे दोन असतात, पण बोलायला त्यातले एकही उपयोगाचे नाही.

सणाचा दिवस, आगार माणसांनी भरलेले. पाणी चढू लागले. गोळा बांधलेलाच. पाणी हारापर्यंत आले, मिरच्यांपर्यंत आले, गोळ्यावरून गेले. नवे पंप तळाशी शांत बसून हुकमाची वाट पाहत राहिले. मग बायकांच्या दारातून पाणी बाहेर आले आणि रांगोळी घेऊन गेले. साहेब अजून जेवणाला थांबले होते. ते पाहायला आले आणि त्यांचे बूट भिजले. "हे आधी बंद करा!" ते ओरडले. शालनबाईंच्या हातून यशवंतरावांनी कुलूप घेतले, लावले, आणि किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात आळंदीची गाडी आली. मोशीच्या पुढे वाहतूक तुंबली होती, म्हणून फार उशिरा आली. दिपाली गाडी पुरती थांबायच्या आधी उतरली आणि धावली. कुलूप बघून थांबली. हातातली बाटली रिकामी होती. शालनबाई काही बोलायला गेल्या, पण ती वळून फाटकाबाहेर निघून गेली. त्या दिवशी ती कुठे गेली, ते तिने कोणाला सांगितले नाही. आगारातल्या पुरुषांनीही विचारले नाही.

संध्याकाळी दिग्विजय धावत आला. त्याने खड्ड्यात वाकून पाहिले.

"काका, हे कुणी बांधलं?"

"म्या."

"कशाला पण?"

"नजर लागू न्हाई म्हून."

दिग्विजयने दोरा कापला. गोळा वर आला, पंप घुमू लागले, आणि बघता बघता खड्डा कोरडा झाला. इतके सोपे होते. दत्तोबा ओला हार हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. तेव्हापासून त्यांनी शनिवारी मला काही बांधलेले नाही.

तर मित्रांनो, नवे पंप उत्तम चालतात. त्यांची निगा उत्तम राखली जाते. आगारात मैला साचत नाही, वास येत नाही. पुरुष अजूनही भिंतीकडे जातात, पण ते आता केवळ सवयीने. आणि बायकांच्या दाराला अजून कुलूप आहे.

कारण कुलूप लावायला साहेबांनी सांगितले होते. ते साहेब दिवाळीआधी बदलून गेले. नव्या साहेबांना हे दार आहे हेच ठाऊक नाही. यशवंतराव म्हणतात, "ज्यांनी बंद करायला सांगितलं, त्यांनी उघडा म्हणून सांगायला नको का?" किल्ली त्यांनी खोलीतल्या खिळ्याला अडकवली, आणि वरून त्याच खिळ्याला त्या वर्षीचे कॅलेंडर अडकवले. शालनबाईंना ते ठाऊक आहे. पण ठेक्यावरच्या बाईने कार्यालयातल्या खिळ्याला हात लावला, तर दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरी बाई दिसते.

माझे म्हणाल, तर आगार सुशोभीकरणात माझी मोटर काढली. मला पिवळा रंग दिला, पोटात माती भरली आणि एक शोभेचे झाड लावून फाटकाशी ओट्यावर बसवले. पुढे पाटी आहे, 'येथे थुंकू नये.' लोक तिथेच थुंकतात, नेम धरायला बरे पडते. दिपाली संध्याकाळी माझ्या ओट्यावर टेकते आणि निळी बाटली माझ्यात ओतते. सकाळी भरलेली, तशीच. आगारात सगळ्यांत जास्त पाणी या झाडाला मिळते. मध्ये ती पुन्हा दवाखान्यात जाऊन आली. काल शालनबाईंना म्हणाली, "या महिन्याचा पगार घेते आणि सोडते, मावशी. तुमची खुर्ची तेवढी सांभाळा."

 

आता मी तुम्हाला यंत्रांची निगा राखा, सांडपाण्यात कचरा टाकू नका, असा उपदेश करणार होतो. तो राहू द्या. तुमच्या शाळा सुरू झाल्या आहेत. बसचा पास काढायला तुम्ही यशवंतरावांच्या खोलीत जालच. रांगेत उभे असताना डाव्या भिंतीकडे बघा. आणि तुमच्यातल्या कोणीतरी एकाने, नम्रपणे, एवढेच म्हणा, "काका, ते कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे."

ते काढतील, तेव्हा खाली काहीतरी पडेल. ते उचला आणि बाहेर खुर्चीवर बसलेल्या मावशींना, "हे तुमचं आहे का?" तेवढे जरा विचारा.