कुंकवाच्या रंगाचं बटण

आमच्या कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याचं कारण मी भौतिकशास्त्र शिकवते हे नव्हे. त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांनी आपापल्या अडचणी सांगून टाकल्या होत्या, एवढंच. "चेतना मॅडम करतील, त्यांचा आवाज मोठा आहे," असं प्राचार्य तुरकर सर म्हणाले आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. आवाज माझा मोठा आहे, हे खरं. डोकंही लवकर तापतं. पण अंगावर घेतलेलं काम मी अर्ध्यात सोडत नाही, आणि नेमकं हेच त्या लबाडांना ठाऊक होतं.

आमचं कॉलेज अर्जुनी मोरगावच्या जरा बाहेर आहे. तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, समोर रस्ता आणि बस थांबा. इथे कसली आपत्ती येणार, असं सगळेच म्हणायचे. मी कुणाचं ऐकलं नाही. ग्रंथालयाच्या जिन्याखाली सायरनचं लाल बटण बसवून घेतलं, भिंतीभिंतीवर बाहेर जायच्या वाटेचे हिरवे बाण चिकटवले, आणि प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला. मग एक वाक्य तयार केलं आणि ते प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायला लागले: "धूर दिसला की लाल बटण दाबायचं, हिरव्या बाणाकडे पळायचं, मैदानावर यायचं, आणि जोडीदार दिसला नाही तर त्याचं नाव माईकवाल्याला सांगायचं." मराठीचे प्राध्यापक म्हणाले, वाक्य लांब झालंय. मी म्हटलं, आग लागली की आपोआप आखूड होईल.

सगळ्यांचं पाठ झालं. शेवटी आमचं कॅन्टीन उरलं.

कॅन्टीन हिरालालभाऊ आणि रुख्माबाई, हे दोघं नवराबायको चालवतात. चहा भाऊंचा, भजी आणि पोहे बाईंचे. दिवसभर दोघांची तोंडं सुरू असतात, साखर जास्त पडली इथपासून गॅस वाया जातोय इथपर्यंत. भांडणात एक वाजला की दोघं एकाच ताटात जेवायला बसतात. मुलं त्यांना काका-काकू म्हणतात. त्यांची मुलगी रीना आमच्याकडेच बी.एस्सी. करते. अर्थातच रुख्माकाकूंचा जोडीदार म्हणून मी हिरालालभाऊंना नेमलं होतं.

काकू पदर सावरून उभ्या राहिल्या आणि शाळेत कविता म्हणावी तशा म्हणाल्या, "धूर दिसला का कुंकवाच्या रंगाचं बटन दाबाचं. पानाच्या रंगाच्या बाणाकडं पळाचं. मैदानावर याचं. आन..."

पुढे गाडी अडली. कॅन्टीनमधल्या पोरी खुदखुदायला लागल्या.

"काकू, कुंकवाच्या रंगाचं कशाला? सरळ लाल म्हणा ना."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. शेवटी माझ्या वर्गातला हिमांशू पुढे आला. राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रमुख, सगळीकडे पुढे. तो म्हणाला, "मॅडम, काकांचं नाव हिरालाल आहे ना. त्या हिरवा पण म्हणत नाहीत आणि लाल पण म्हणत नाहीत."

मग माझ्या लक्षात आलं. या बाईच्या कॅन्टीनमध्ये हिरवी मिरची नव्हती, ओली मिरची होती. लाल मिरची नव्हती, सुकी मिरची होती. लाल चहा मागितला की आतून आवाज यायचा, "बिनदुधाची एक!" रीनाने हसत सांगितलं, की आई लाल किल्ल्यालासुद्धा दिल्लीचा किल्ला म्हणते.

माझं डोकं तापलं. "काकू, उद्या खरंच आग लागली तर कोडी घालत बसाल का? माणूस आत अडकला तर काय सांगाल माईकवर?"

"नाई जी मॅडम," काकू खाली बघून म्हणाल्या, "बायकोनं नाव घेतलं का माणसाचं आयुष्य घटते."

"कोण म्हणतं?"

"सारेच म्हंतेत."

"मी माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारते. वीरेंद्र, इकडे ये. वीरेंद्र, गॅस बंद कर. काय झालं त्याला?"

काकूंनी खरोखर विचार केला. मग हळूच म्हणाल्या, "पन साहेबाचे केस गेले न जी सारे."

पोरी टेबलांवर डोकी ठेवून हसल्या. हिरालालभाऊ चहा गाळता गाळता म्हणाले, "राहू द्या मॅडम. ही नाव घेत नाई म्हनून तं मी जगून राहिलो. मीच सांगतो माहं नाव, लिवून घ्या."

आता आत अडकलेला माणूस स्वतःचं नाव मैदानावर येऊन कसा सांगणार, हे मी त्यांना समजावत बसले नाही. पण हारही मानली नाही. पुढचे कित्येक दिवस मी मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचे. "काकू, नुसतं हिरा म्हणा. दगडाचं नाव आहे." काकू म्हणायच्या, "तुमीच म्हना. तुमचा कोनी लागते का तो?" मी चिडायचे, त्या हसायच्या, आणि न मागता माझ्यापुढे गरम भजी यायची. शेवटी तुरकर सरच म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, कायले टेन्शन घेता? रीनाचे बाबा म्हणतील त्या. इथे त्यांना ओळखत नाही असा आहे कोण?" मला ते पटलं नव्हतं, पण भजी खाऊन खाऊन माझा विरोध जरा मऊ पडला होता.

मॉक ड्रिलचा दिवस उजाडला. धानाची मळणी उरकून गेली होती, छान कोवळी थंडी होती. तहसीलमधून दोन साहेब आले, आरोग्य केंद्रातून डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स आली. एका मुलाच्या डोक्याला पट्टी बांधून, तिच्यावर लाल रंग ओतून त्याला जखमी केलं, आणि तो स्ट्रेचरवर पडून मोबाईल बघत बसला. धूर व्हावा म्हणून कॅन्टीनच्या बाजूला एका ड्रममध्ये ओलं तणस पेटवायचं ठरलं होतं. तणस म्हणजे धानाचा पेंढा, तो इथे मागाल तेवढा मिळतो.

सायरन वाजला. वर्गावर्गांतून मुलं बाहेर पडली, बाणांच्या दिशेने, रांगेत. काही जण चालता चालता सेल्फी काढत होते, पण रांग मोडली नाही. साहेबांच्या खुर्च्यांमागे उभी राहून मी हे बघत होते आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती. कॅन्टीनमध्ये हिरालालभाऊंना काम दिलं होतं, की आधी काकूंना बाहेर पाठवायचं, मग मागच्या खोलीतलं गॅसचं सिलिंडर बंद करायचं आणि बाहेर यायचं. काकू मैदानावर आलेल्या मला दिसल्या.

आणि वारा फिरला. ड्रममधली ठिणगी शेजारच्या कोरड्या तणसाच्या ढिगावर उडाली, तिथून कॅन्टीनच्या पडवीवरच्या ताडपत्रीवर. पांढरा धूर काळा झाला.

"वा मॅडम," एक साहेब म्हणाले, "धूर तर एकदम ओरिजिनल वाटून राहिला." दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मला काय झालं ते कळायला तेवढाच वेळ लागला. मी खुर्च्या ओलांडून धावले, ओरडून तीन-चार प्राध्यापकांना घेतलं, आग विझवायचे सिलिंडर उचलायला लावले. धावता धावता हिमांशूला विचारलं, "कॅन्टीन रिकामं?" त्याने माईक धरलेल्या हाताचा अंगठा वर केला. म्हणून आम्ही समोरून ताडपत्रीवर फवारा मारत राहिलो. आत कुणी आहे हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

हिमांशूने अंगठा का दाखवला, ते नंतर कळलं. काकू त्याच्याकडे धावत गेल्या होत्या. "रीनाचे बाबा आत हायेत!" सायरन कानठळ्या बसवत होता. त्याला पहिला शब्द तेवढा ऐकू आला. तो माईकवर ओरडला, "रीना! रीना कुठे आहे?" मुलींच्या रांगेतून रीनाने हात वर केला. "सापडली! रीना सापडली!" मैदानाने टाळ्या वाजवल्या.

"नाई रे बाप्पा! हे! हे आत हायेत!"

"कोण हे? रीना सापडली ना काकू. तुमचं झालं, आता रांगेत उभ्या राहा." त्याला अजून ते सगळं नाटकच वाटत होतं. काकूंचं काम चांगलं होतंय, असंही त्याला वाटलं होतं म्हणे.

मी मागे वळून बघितलं ते काकूंचा आवाज ऐकून नाही. आवाज कुठे येत होता? मी वळले ते फवारा संपला म्हणून. आणि मला काकू दिसल्या. एक हात मंगळसूत्रावर. तोंड उघडायचं आणि मिटायचं. कॅन्टीनकडे बघायच्या, पुन्हा माईककडे बघायच्या. त्या क्षणी मला सगळं कळलं. आत तो माणूस होता, आणि त्याचं आयुष्य घटू नये म्हणून जन्मभर जपलेला शब्द हिच्या तोंडात अडकून बसला होता. मी ओरडले, पण माझा तो प्रसिद्ध मोठा आवाज त्या सायरनपुढे काहीच नव्हता.

काकूंनी हिमांशूच्या हातातला माईक हिसकावला.

"हिरालाल!"

रांगांमधल्या सगळ्या माना वळल्या.

"हिरालाल! ये गा! बाहीर ये, हिरालाल! इकडं ये गा!"

अहो नाही, जाहो नाही. नवऱ्याला एकेरीत, गावातल्या पोराला बोलवावं तसं. कुणीतरी धावत जाऊन सायरन बंद केला आणि मग तो एकच आवाज कर्ण्यांमधून बांध्यांवर पसरला. बस थांब्यावरची माणसंसुद्धा उठून उभी राहिली. काकू थांबेचनात. हिरालाल, हिरालाल, ये गा.

कॅन्टीनच्या मागच्या खोलीचं टिनाचं दार आतून वाजलं.

आम्ही मागे पळालो. कडी वाकून बसली होती. आमचे तुरकर सर, जे जिना चढताना दोनदा थांबतात, त्यांनी लाथ घातली आणि दार उघडलं. हिरालालभाऊ आमच्या अंगावरच पडले. काळेठिक्कर, खोकून खोकून वाकलेले, पण जिवंत. तो नकली जखमी स्ट्रेचरवरून उडी मारून उतरला आणि पट्टी डोक्यावर तशीच ठेवून त्याच स्ट्रेचरचं एक टोक धरायला धावला.

आग विझली. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, छाती तपासली, म्हणाले धोका नाही, पण एक दिवस दवाखान्यात ठेवू. रीना बापाचे पाय धरून रडत होती. काकू मात्र जवळ जाईनात. त्या लांब, माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"मॅडम," त्या कुजबुजल्या, "किती डाव घेतलं मी?"

"काय?"

"नाव. किती डाव घेतलं?"

मी भौतिकशास्त्र शिकवते. एरवी या प्रश्नावर मी एक भाषण दिलं असतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तिला घट्ट मिठी मारली. "एकदाच, काकू. एकदाच घेतलंत."

"नाई जी. लय डाव घेतलं."

तेवढ्यात हिरालालभाऊंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. डॉक्टर ओरडले, पण ते ऐकेनात. घशातून आवाज धड फुटत नव्हता.

"कोन बलावून राहिलं होतं मले?"

डॉक्टरांनी मास्क परत लावायला हात पुढे केला, तो भाऊंनी बाजूला सारला.

"धुरात दारच सापडेना. मंग खाली बसलो. झोप येऊन राहिली होती, बेस वाटून राहिलं होतं. म्हटलं, निजाव आता." ते खोकले. "तं कोनी बलावलं. हिरालाल, ये गा म्हने. मले वाटलं, माय आली. माय गेल्यापासून असं कोनी बलावलंच नाई मले. सारे भाऊ म्हंतेत, काका म्हंतेत. माय बलावते तं उठाच लागते न. उठलो. आवाजाच्या आंगानं गेलो, तं दार हाताले लागलं."

आम्ही सगळे काकूंकडे बघायला लागलो. हिमांशूने रडून लाल झालेलं नाक पुसलं. रीना म्हणाली, "आई, सांग ना त्यांना."

काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. माझा हात सोडवून त्या सावकाश स्ट्रेचरपाशी गेल्या, खाली बसल्या आणि पदराच्या टोकाने नवऱ्याच्या तोंडावरची काजळी पुसायला लागल्या.

"हाव. मायच होती तुमची," त्या म्हणाल्या. "मी कायले घेईन तुमचं नाव?"