भिंतीवरचा नान

झुल्हुमोर मीठ मागायला म्हणून लेकीला कडेवर घेऊन शेजारच्या मतलुबा-खोलाकडे, म्हणजे मावशीकडे, आली आणि मीठ विसरून दारातच थबकली. समोरच्या भिंतीवर खिळ्याला एक नान टांगलेला होता, कडेचा एक घास तोडलेला.

"खोला!" ती ओरडलीच. "जावलोन फौजेत कधी गेला?"

मतलुबा-खोला चहा ओतत होती. "चार तारखेला. सगळा मोहल्ला होता पोराच्या निरोपाला. तूच नव्हतीस, तुला तर दवाखान्यात..." चहादाणी तशीच हवेत राहिली.

चार तारखेलाच तर झालं होतं सगळं. बेकरीतल्या तंदुराची कड दोन महिने तडकलेली होती. त्या सकाळी ती ढासळली आणि झुल्हुमोरचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. बोटं आखडली. लेकीच्या टोपीची नाडीसुद्धा बांधता येईना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर बोटं उघडतील, पण उशीर नको. इजा कामावरची ठरली, तर खर्चही मालकाने द्यायचा आणि बरी होईपर्यंतचा पगारही. म्हणूनच बेकरीच्या मालकाने, तुर्गुन-अकाने, लिहून दिलं होतं, 'ही बाई त्या दिवशी कामावर नव्हती. घरी भाजली.' बरोबरच्या बायका नोकरीच्या धास्तीने गप्प. या इजेची चौकशी करणाऱ्या सरकारी बाई, दिलोरोम-ओपा, आत्ता बेकरीत बसून शेवटचा कागद लिहीत होत्या.

आणि इथे भिंतीवरच्या नानावर तिचाच ठसा! आठ पाकळ्यांचं फूल, सहाव्या पाकळीत एक टोचा कमी. आजोबांनी करून दिलेला तो ठसा ती कुणाच्या हातात देत नसे, रोज खिशात घालून घरी आणायची.

"खोला, काढ ना तो खाली!"

"हात तर लावून बघ! पोराने घास तोडलाय त्याचा. उरलेला तोच येऊन खाणार. तोवर नान हलणार नाही, अपशकुन होतो. तू मला लेकीसारखी आहेस गं, पण पोरगा एकच आहे मला."

"मग ओपांनाच इथे आणते!" आठ महिन्यांची लेक खोलाच्या मांडीवर टाकून झुल्हुमोर पळालीसुद्धा.

"अगं, चपला तरी घाल!"

दहा मिनिटांत ती परतली, धापा टाकत. मागे दिलोरोम-ओपा, त्यांच्या मागे हसत हसत तुर्गुन-अका. "नान साक्ष देणार म्हणे! उद्या समोसेही बोलवा, ओपा."

ओपा स्टुलावर चढल्या. खोलाने स्टूल धरलं. "लांबूनच बघा हं." ओपांनी हात पाठीमागे बांधले आणि चष्मा नानाला टेकेल इतकी मान पुढे काढली. झुल्हुमोरने खिशातून ठसा काढला आणि डाव्या हाताने खोलाच्या परातीतल्या कणकेवर दाबला. फूल स्वच्छ उमटलं. सहाव्या पाकळीत एक टोचा कमी.

"आदल्या दिवशीचा असेल नान," तुर्गुन-अका म्हणाला.

खोला गर्रकन वळली, स्टूल डगमगलं. "फौजेत निघालेल्या पोराला मी शिळा नान दिला? अरे, उजाडता उजाडता तुझ्याच दुकानातून आणला. चटके बसत होते म्हणून फडक्यात गुंडाळून तूच दिलास. पैसे घेतले नाहीस. 'सुखरूप ये, पोरा' म्हणालास! आता याच नानाखाली उभा राहून म्हण, शिळा होता."

तुर्गुन-अकाने वर पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. जावलोनला सायकल त्यानेच शिकवली होती.

"ताजा होता," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या घाण्यातला."

"आणि ठसा?" ओपांनी स्टुलावरूनच विचारलं.

"...हिनेच मारला."

"तंदूर तडकलाय हे ठाऊक होतं?"

तुर्गुन-अकाने होकारार्थी मान डोलावली.

ओपा खाली उतरल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून त्यांनी कागद भिंतीला टेकवला, 'घरी' हा शब्द खोडला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कामावर'. "ऑपरेशनची तारीख उद्याच घे, मुली. बिल यांच्या नावावर जाईल."

झुल्हुमोरला हसू आवरेना, रडूही आवरेना. लेक हात पसरून तिच्याकडे झेपावली, टोपी डोळ्यांवर घसरलेली.

"नाडी सुटली बघ," खोला म्हणाली.

"थोडे दिवस तूच बांध, खोला. मग मी बांधेन!"

"बांधते. पण आधी या ओपांना खाली उतरव. नानाला धक्का लागेल."