माले गावच्या थांब्यावरचा कालथा

मित्रांनो, भाकऱ्या उलटवणाऱ्या कालथ्याला कसली आली भीती, असं तुम्हांला वाटेल. मलाही परवापरवापर्यंत तसंच वाटायचं.

एका घिसाड्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं. ताम्हिणीच्या ढाब्यावर आचारी हैबतरावांच्या हातात माझी उमेदीची वर्षं गेली. पावसात भिजलेले प्रवासी आचाऱ्याची तारीफ करत. भाकरी उलटवली कोणी, हे कोणी विचारत नसे. पुढं नॉनस्टिक तवा आला. माझ्या धारेनं त्याला म्हणे ओरखडे पडत. तवा राहिला, मी मोडीत गेलो. तिथून हैबतरावांच्या बहिणीनं, सगुणाबाईनं, मला उचलून मालेला आणलं.

तिच्या खोलीत लातूरचा वेल्डर राजू आणि त्याची बायको आरोही भाड्यानं राहत. आरोहीचे दिवस भरले होते.

एका सकाळी एसटीच्या थांब्याच्या खांबावर स्टिकर उगवला. वर देवाचं चित्र, खाली मजकूर: ‘बाहेरच्यांना खोली देणाऱ्यांनो, घर पेटलं तर रडू नका.’ बाहेरचा म्हणजे कुठून पुढचा, हे दिलेलं नव्हतं. त्यामुळं पौडहून लग्न होऊन आलेल्या सुनाही जरा बिचकल्या.

काढायला कोणी धजेना. देवाला नख लागलं तर? चिकटवणाऱ्यांनी देवाला पहाऱ्यावरच बसवलं होतं.

राजू गाठोडं बांधू लागला. “मावशी, आमी जाताव. आमच्यापायी तुमचं घर जळाया नगं.”

“आन् पोर काय येष्टीत जन्माला घालतोस? सोड ती गाठ!” सगुणाबाई कडाडली. तेलाची वाटी आणि मला घेऊन ती निघाली. आवाज खणखणीत होता, पण तिच्या घामेजल्या मुठीतून मी निसटत होतो.

थांब्यावर गावातलाच जयसिंग मोटरसायकलवर बसला होता. स्टिकर त्याच्याच टोळक्याचा. त्यानं मोबाइल उगारला. “आत्ते, देवाला हत्यार लावतीस व्हय? समद्या गावाला दावतो.”

सगुणाबाईनं चपला काढल्या, हात जोडले. “देवाला तेल लावतीया. तू पारोसा हायेस, लांब हो.”

एसटीच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

तेलानं चिकटा मऊ झाला. अक्षरं आणि देवाचे पाय यांत जेमतेम अर्ध्या बोटाचं अंतर. माझा एक कोपरा उडालेला. तो पायाला लागला असता, तर सगुणाबाईचं घर त्याच दिवशी गेलं असतं. मित्रांनो, जळत्या तव्यावर माझ्या अंगाला कधी कापरं भरलं नव्हतं, ते तिथं भरलं. साल निघावी तसा मजकूर गळून पडला. देव जागच्या जागी, तेलानं चकचकीत. आता काय दाखवावं, ते जयसिंगला कळेना.

“घर ठावं हाय तुमचं,” एवढंच म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

गाठोडं सुटलं. आठवड्याभरात आरोहीला मुलगी झाली. बाळाला नजर लागू नये म्हणून उशाशी लोखंड ठेवतात, तसं सगुणाबाईनं मला पाळण्यातल्या दुपट्याखाली सरकवलं. इतकं हलकं ओझं मी कधी पेललं नव्हतं.

तिन्हीसांजेला दारापुढं एक मोटरसायकल हळू होते. सगुणाबाईची अंगाई मध्येच तुटते. गाडी पुढं गेली की ती पुन्हा सुरू होते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंज मला चालेल. पण असा स्टिकर दिसला, तर तेलाची वाटी घेऊन एका म्हातारीला एकटीला जाऊ देऊ नका. बाळाच्या उशाशी पडून मी तरी कितीसं राखणार? काय ते लवकर ठरवा.

आज गाडी पुढं गेलेली नाही.